काळ्या धाग्याचे आकडे

सायकलीच्या एखाद्या मोठ्या दुकानात आज आपण गेलात, तर विक्रीला उभा असलेला मुलगा सायकलीचे नाव सांगण्याआधी एक आकडा सांगतो. ही टी-७००, ती टी-८००, आणि काचेमागे टांगलेली ती टी-१०००. आकड्याबरोबर किंमत चढते आणि तराजूवरचे वजन उतरते. नातवाला किंवा लेकाला वाढदिवसाची सायकल घ्यायला गेलेले आजोबा आणि वडील त्या आकड्यापुढे गप्प होतात. विचारायचे तरी काय, हेच त्यांना उमगत नाही. आमच्या व्याख्यानमालेचे वाचक गायकवाडी कारभारावर किंवा संतसाहित्यावर कोणालाही चार प्रश्न विचारून हैराण करतील. त्यांनी या आकड्यांपुढेही गप्प बसू नये, म्हणून हा लेख.

एका होमिओपॅथने हा विषय का घ्यावा, असे कोणी म्हणेल. कारण माझ्या धंद्यातही बाटलीवर आकडा असतो. ३०, २००, हजार. नवा रोगी हमखास विचारतो, डॉक्टर, नंबर मोठा दिलात ना? आकडा मोठा म्हणजे औषध मोठे, हा समज मला गेली चाळीस वर्षे रोज भेटतो. शिवाय माझ्या कपाटात 'ग्रॅफायटिस' आणि 'कार्बो व्हेज' शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि दोन्हींचे मूळ कार्बनच. तेव्हा नाते अगदीच दूरचे नाही.

आधी हा धागा आला कोठून ते पाहू. कार्बनचा पहिला उपयोगी धागा विमानासाठी किंवा सायकलीसाठी केलेला नव्हता, तो दिव्यासाठी केलेला होता. इंग्लंडात जोसेफ स्वान आणि अमेरिकेत एडिसन यांनी कागद, सुताचा दोरा, बांबूची सळई असले पदार्थ हवेविना जाळून त्यांचा कोळसा केला आणि तो काचेच्या फुग्यात बसवून पेटवला. एडिसनचा सुती दोरा १८७९ सालचा. त्यानंतर त्याने जपानमधून बांबू आणवला. योगायोग असा, की १८९४च्या सुमारास लंडनमध्ये बांबूच्या फ्रेमच्या सायकली विकणारी एक कंपनीही निघाली होती. एका टोकाला बांबूचा कोळसा दिव्यात आणि दुसऱ्या टोकाला अख्खा बांबू सायकलीत. ही दोन टोके जुळायला जवळजवळ शतक लागले. पुढे दिव्यात टंगस्टन आले आणि कार्बनचा धागा अडगळीत पडला.

१९५८ साली अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या क्लीव्हलँडजवळच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ प्रचंड तापमान आणि दाब यांखाली कार्बनचे काय होते ते पाहत होता. उपकरणात त्याला केसाहून बारीक, लवचिक काड्या सापडल्या. त्यांची बळकटी पोलादाच्या कितीतरी पट होती. मात्र त्या काड्या प्रयोगशाळेतल्या दागिन्यासारख्या होत्या, कारखान्यात निघणाऱ्या नव्हेत. कारखान्याचा मार्ग ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या अकिओ शिंडो यांनी दाखवला. त्यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल हा धागा घेतला. नाव लांबलचक असले तरी वस्तू आपल्या घरातली आहे: हिवाळ्यात विणतात त्या ॲक्रिलिक लोकरीची ही चुलत बहीण. तो धागा आधी हवेत दोनशे ते तीनशे अंशांवर भाजायचा, मग नायट्रोजनमध्ये हजार ते दीड हजार अंशांवर जाळायचा. निम्मे वजन उडून जाते आणि मागे उरतो काळा, चकचकीत कार्बन. आणखी ताठ धागा हवा असेल तर तोच पुढे दोन ते तीन हजार अंशांपर्यंत तापवायचा, म्हणजे आतल्या कार्बनच्या पापुद्र्यांची रांग धाग्याच्या दिशेने अधिक नीट लागते. ही शेवटची भट्टी लक्षात ठेवा. दुकानातले निम्मे आकडे तिच्यातून आले आहेत.

इंग्रजांनीही १९६३-६४ साली फार्नबरोच्या सरकारी विमानसंस्थेत आपली पद्धत बसवली, आणि रोल्स-रॉइस कंपनीने तिच्या भरवशावर नव्या विमान-इंजिनाची पुढची पाती कार्बनची करायला घेतली. चाचणीत पक्षी आदळल्यावर काय होते ते पाहण्यासाठी मेलेली कोंबडी तोफेतून पात्यांवर झाडतात. (माझ्यासारख्या जैन माणसाच्या हातून हे वाक्य लिहिले जावे, याची गंमत वाचकांनीच करून घ्यावी.) पात्यांच्या ठिकऱ्या उडाल्या. खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, इतर अडचणीही होत्या. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. इंजिन पुढे उत्तम चालले, पण टायटॅनियमच्या पात्यांनी.

त्याच १९७१ साली जपानच्या तोरे कंपनीने टी-३०० हा धागा बाजारात आणला. विमानवाले अजून बिचकत होते, म्हणून जपान्यांनी मासेमारीचे गळ आणि गोल्फच्या काठ्या धरल्या. खेळणारा माणूस हौसेपोटी पैसे देतो आणि काठी मोडली तर कोणी मरत नाही. या धाग्याला पहिली काही वर्षे जगवले ते हौशी लोकांनी, आणि सायकल त्या हौसेच्या रांगेतलीच पुढची वस्तू.

सायकलीतले पहिले प्रयत्न सत्तरच्या दशकातले. अमेरिकेत एक्सॉन या तेल कंपनीची 'ग्राफटेक' फ्रेम निघाली. तिच्यात कार्बनच्या नळ्या धातूच्या सांध्यांत डिंकाने चिकटवलेल्या होत्या, आणि हीच रीत पुढे बरीच वर्षे चालली. रोग सांध्यात होता. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले आणि मध्ये घामाचे खारे पाणी शिरले, की ॲल्युमिनियम कुरतडले जाते आणि चिकटवण सुटते. तरीही १९८६ साली ग्रेग लेमाँ 'टूर द फ्रान्स' जिंकला तो 'लूक' कंपनीच्या अशाच फ्रेमसह. युरोपबाहेरचा तो पहिला विजेता आणि कार्बन फ्रेमच्या वाट्याला आलेला हा पहिला टूर. त्याचा संघ आणि लूक कंपनी यांचा मालक एकच, बेर्नार तापी. शर्यतीत जाहिरात कशी करावी हे त्याला शिकवावे लागले नाही. त्याच साली कॅलिफोर्नियाच्या केस्ट्रेल कंपनीने सांधेच नसलेली, अख्खी कार्बनची फ्रेम दाखवली. आज आपण दुकानात पाहतो त्या सायकलींची आजी हीच म्हणायची.

पण घाटाचा राजा होणे वेगळे आणि दगडी रस्त्यावर टिकणे वेगळे. उत्तर फ्रान्सात एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे ही शर्यत होते. सुमारे २६० किलोमीटर अंतर, त्यातले पन्नासेक किलोमीटर ओबडधोबड दगड बसवलेल्या शेतवाटा. सायकलींचे हाल तिथे पाहवत नाहीत. कार्बन तिथे टिकणार नाही, असे जाणते लोक छातीठोकपणे म्हणत. मिलानजवळचा एर्नेस्तो कोलनागो पोलादी फ्रेमचा नावाजलेला कारागीर. त्याने १९९४ साली कार्बनच्या नळ्या कार्बनच्याच सांध्यांत बसवून 'सी-४०' केली. कंपनीला चाळीस वर्षे झाली म्हणून ४०. म्हणजे हा आकडा धाग्याचा नव्हता, वाढदिवसाचा होता! १९९५ मध्ये फ्रांको बॅलेरिनी तिच्यावर बसून पॅरिस-रूबे जिंकला, आणि पुढच्या वर्षी त्याच संघाचे तिघे पहिल्या तीन जागांवर आले. कार्बन नाजूक असतो हा वाद तिथे मिटला. खरे तर कोणता कार्बन, कसा रचलेला, हा प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा होता. बाजाराने मात्र आकडे उचलले.

आता त्या आकड्यांकडे वळू. दोन गुण वेगळे ठेवावे लागतात. एक ताठपणा: ओझे आले तर किती कमी वाकते. दुसरा बळकटी: किती ओझ्यावर तुटते. आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य बाणेदारपणाचे मानतात. सायकलीच्या फ्रेमने ते बोलू नये.

तोरेची 'टी' मालिका मुख्यतः बळकटीची. टी-३०० ची बळकटी सुमारे ३,५३० मेगापास्कल, टी-७०० ची ४,९००. आकडा दुपटीहून मोठा, बळकटी दीडपटसुद्धा नाही. आणि ताठपणा? दोघांचाही अगदी सारखा, २३० गिगापास्कल. टी-८०० आणि टी-१००० यांचा ताठपणाही परस्परांइतकाच, २९४. म्हणजे ताठपणासाठी पैसे मोजणारा गिऱ्हाईक टी-७०० वरून टी-८०० ला गेला तर त्याला काही मिळते. टी-८०० वरून टी-१००० ला गेला तर त्या बाबतीत हाती काही लागत नाही. 'एम' मालिका ताठपणाची. तिच्यातला आकडा बऱ्याच अंशी प्रामाणिक आहे: दर चौरस मिलिमीटरला इतके टन, असा तो वाचायचा. एम-६०जे चा ताठपणा ५८८ गिगापास्कल म्हणजे साठ टन, पोलादाच्या जवळजवळ तिप्पट. पण त्याची बळकटी ३,८२० वर येते. मोठी गोम पुढेच आहे: टी-७०० चा धागा तुटण्याआधी २.१ टक्के ताणला जातो, एम-६०जे फक्त ०.७ टक्के. तिसऱ्या भट्टीत पापुद्र्यांची रांग सरळ केल्याची ही किंमत. खड्ड्यात चाक आदळले तर पहिला धागा सोसतो आणि दुसरा कडकन जातो.

म्हणून शहाणा कारखानदार अख्खी फ्रेम वरच्या प्रतीची करत नाही. चोवीस कॅरेटच्या बांगड्या रोज वापरायला कोणी घडवते का? पायडलांचा आस बसतो त्या सांध्याजवळ आणि खालच्या जाड नळीत थोडा ताठ धागा, बाकी अंग टी-७०० किंवा टी-८०० चे, असा मिलाफ असतो. दुकानातला मुलगा सांगतो तो आकडा बहुधा त्या मिलाफातल्या सर्वांत महाग धाग्याचा असतो; तो शंभरात किती, हे स्टिकरवर नसते. शिवाय प्रत्येक कंपनीची आपली भाषा. ट्रेक कंपनीने १९९२ मध्ये 'ओसीएलव्ही' कार्बन आणला. त्याचे ११०, १२० हे जुने आकडे एका चौरस मीटर कापडात किती ग्रॅम धागा, ते सांगत. तिथे आकडा लहान तो हलका. आता तीच कंपनी ७००, ८०० म्हणते, आणि तिथे मोठा तो वरचा. आणि वरून दिसणारी ती सुंदर चटईची वीण? अनेकदा ती केवळ नेसवलेली साडी असते, वजन तोलणारे थर तिच्याखाली.

मग खरे बळ कशात? एक हिशेब पाहा. ताठपणाला घनतेने भागले तर पोलाद, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम या तिघांचे उत्तर जवळजवळ एकच येते, २५च्या आसपास. निसर्गाची ही गंमत मला फार आवडते. धातू बदलून फुकटात काही मिळत नाही. नुसत्या टी-३०० धाग्याचे उत्तर १३०. पण नुसत्या धाग्याची फ्रेम होत नाही. रेझिनमध्ये तो भिजवावा लागतो, आणि सगळ्या दिशांना सारखा पसरला तर उत्तर घसरून तिसाच्या जरा वर येते. म्हणजे दिशेचा विचार न करता रचलेला कार्बन पोलादाच्या थोडासाच पुढे. सगळी कमाई दिशेत आहे: कोणता थर नळीच्या लांबीने, कोणता ४५ अंशांत, कोणता आडवा. एका फ्रेममध्ये असे शेकडो तुकडे माणसे हाताने साच्यावर लावतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. मांडीच्या हाडाचे डोके उभे कापले तर आतली जाळी भाराच्या रेषांनुसार कमानी धरून उभी दिसते. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हाडाच्या या स्वभावावर ग्रंथच लिहिला. हाडातही चिवट धागा आणि कडक क्षार यांची सांगड आहेच. नुसत्या क्षाराचे हाड खडूसारखे मोडले असते.

याचा पुरावा अलीकडचा आहे. पिनारेलोची 'डोग्मा एफ-८' २०१४ साली आली, टी-११०० धाग्याचे नाव मिरवत, आणि २०१५चा टूर ख्रिस फ्रूम तिच्यावर जिंकला. तिची फ्रेम आठशे ग्रॅमच्या वर. २०२० साली स्पेशलाइज्ड कंपनीने 'एथॉस' आणली: ५८५ ग्रॅम. त्याच कंपनीची त्याच वर्षीची शर्यतीची फ्रेम सुमारे ८०० ग्रॅम, आणि दोन्हींच्या कार्बनला कंपनीने दिलेले प्रतीचे नाव एकच. दोनशे ग्रॅम गेले ते धागा बदलून नव्हे. शर्यतीच्या फ्रेमला वाऱ्यासाठी चपटे आकार द्यावे लागले होते. इथे नळ्या पुन्हा गोल केल्या आणि प्रत्येक थराला काम लावले, इतकेच.

आणि हे ग्रॅम कोणासाठी? जागतिक सायकल संघटनेने २००० सालापासून नियम घातला आहे, की शर्यतीतली सायकल ६.८ किलोच्या खाली नसावी. नियमाची सीमा कधीच ओलांडून झाली आहे. आपल्यासारख्यांचा हिशेब आणखी साधा. सत्तर किलोचा माणूस आणि आठ किलोची सायकल मिळून तासाभराचा खडा चढ चढत असतील, तर सायकल अर्धा किलो हलकी केल्याने वीस-बावीस सेकंद वाचतात. तेवढे अर्धा किलो पोटावरून उतरवले तरी तेवढेच सेकंद वाचतात आणि खर्च उलट वाचतो. अपरिग्रहाचे व्रत माणसाने स्वतःपासून सुरू करावे, सायकलीपासून नव्हे.

आम्हा बडोदेकरांचे या धाग्याशी नाते आहे, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. इथल्या कित्येक मराठी घरांतले कोणी ना कोणी आयपीसीएलमध्ये नोकरीला होते. त्या कंपनीत ॲक्रिलिक धागा होई, आणि 'इंडकार्फ' या नावाने कार्बन धागाही झाला. वरच्या प्रतीचा हा धागा क्षेपणास्त्रांत चालतो, म्हणून त्याच्या निर्यातीवर देशोदेशींची बंधने असतात. मागितला म्हणून मिळतो असे नाही. पुढे बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या तंत्रावर २०१० साली बडोद्याजवळ आसोज येथे केमरॉक कंपनीने कारखाना सुरू केला. कंपनी अडचणीत आली आणि २०१७ मध्ये तिची मालमत्ता रिलायन्सकडे गेली. आता हजिऱ्याला मोठा कारखाना जाहीर झाला आहे. दरम्यान आपल्या दुकानांतल्या कार्बन फ्रेम बहुतांशी तैवान आणि चीनमधून येतात.

हैदराबादच्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असेल. तिथे क्षेपणास्त्रांसाठी हलके पदार्थ घडवणाऱ्या डॉ. अब्दुल कलाम यांच्या प्रयोगशाळेत निजाम इन्स्टिट्यूटचे एक अस्थिशल्यविशारद आले. हातात घेतलेल्या तुकड्याचा हलकेपणा पाहून ते कलामांना आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथली पोलिओची मुले तीन किलोंहून जड धातूच्या पट्ट्या पायांना बांधून स्वतःला ओढत होती. थोड्याच आठवड्यांत सुमारे तीनशे ग्रॅमच्या पट्ट्या तयार झाल्या. हलकेपणाचा हिशेब मांडताना मी वीस सेकंदांशेजारी हे तीनशे ग्रॅम लिहितो.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय मनावर घेतला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक तरुण खांदा धरून दवाखान्यात आला. गळपट्टीचे हाड मोडले होते. असले हाड माझ्या गोळ्यांनी जुळत नाही. त्याला तडक अस्थितज्ज्ञाकडे धाडले. उतारावर त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा वरच्या दांड्यापाशी तुटला होता. फ्रेम आणि चिमटा दोन्हींवर टी-१०००चे स्टिकर, जुन्यात घेतलेली, आकड्याकडे पाहून. नंतर कळले, की आधीच्या मालकाच्या हातून ती एकदा भिंतीवर आदळली होती, आणि हॅण्डल बसवताना कोणी साध्या पान्याने पिळून आवळले होते. अशा ठिकाणी बहुधा पाचेक न्यूटन-मीटर एवढाच जोर चालतो, आणि तो मोजणारा पाना वेगळा मिळतो. धाग्याच्या प्रतीचा या अपघाताशी संबंध नव्हता. पोलाद मार बसला की पोचते आणि आपल्याला दाखवते. कार्बन वरून गुळगुळीत राहतो आणि आतले थर सुटतात.

तेव्हा जुनी कार्बन फ्रेम घेताना आकडा नंतर विचारा. आधी विचारा ती किती वेळा पडली, सांधे कोणी आवळले, पावती कोणाची आहे. मग रुपयाचे नाणे घ्या. १७६१ साली व्हिएन्नाच्या औएनब्रुगर नावाच्या वैद्याने छातीवर बोटाने ठोकून आत पाणी आहे का ते ओळखण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा, आणि दारूची पिंपे ठोकून किती भरली हे बापाला ओळखताना त्याने पाहिले होते म्हणतात. तीच रीत इथे चालते. नळीवर बोटाबोटाच्या अंतराने नाणे हलकेच ठोकत जा. नळीची जाडी बदलते तसा सूर हळूहळू बदलेल, त्याची काळजी नको. पण एका जागी अचानक भद्द आवाज आला, किंवा रंगाखाली केसासारखी रेघ दिसली, तर जाणत्या कारागिराकडून, शक्य तर ध्वनिलहरींच्या यंत्राने, तपासून घेईपर्यंत त्या सायकलीवर कोणाला बसू देऊ नका.